फोन डब्यात, माणसं ओसरीवर! समुद्रकिनारी चार दिवसांच्या ‘डिजिटल डिटॉक्स’ने खरंच काही बदलतं का?

‘सुट्टीत तरी फोन बाजूला ठेवा’ असं सगळेच सांगतात. पण फोन हातातून सुटत का नाही, सोडल्यावर नेमकं काय होतं, संशोधन काय सांगतं आणि सगळ्या घराला घेऊन हे जमवायचं कसं? समजून घेऊया.

वाचकांच्या मोबाइलवर ‘टिंग’ वाजवणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. डिजिटल डेस्कवर बातमी आली की मथळा लिहायचा, अलर्टचं बटण दाबायचं आणि पुढच्या काही मिनिटांत किती जणांनी तो उघडला हे पाहायचं. त्यामुळे ‘फोनपासून दूर राहा’ असं इतरांना सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. माझ्या आईने तो विचारलाच.

निमित्त होतं सहलीचं. आई-बाबा, दादा, वहिनी, माझा अकरा वर्षांचा पुतण्या आणि मी असे सहा जण पुण्याहून गुहागर तालुक्यातल्या एका गावात चार दिवस राहायला जाणार होतो. समुद्राला लागून घर, पुढे ओसरी, मागे नारळी-पोफळीची वाडी आणि जेवण घरमालकीण काकूंच्या हातचं. बाबा निवृत्त झाल्यानंतरची ही पहिलीच एकत्र सुट्टी. जायच्या आधी जेवणाच्या टेबलावर मी जाहीर केलं, ‘‘या वेळी सगळ्यांचे फोन डब्यात.’’

आई म्हणाली, ‘‘आधी तुझा टाक.’’

फराळाचा रिकामा स्टीलचा डबा सोबत घेतला. कुंभार्ली घाट उतरलो, चिपळूणला चहा घेतला आणि गावात पोहोचल्यावर ओसरीवरच्या फळीवर तो डबा ठेवला. आत पाच स्मार्टफोन आणि एक टॅब. बाहेर राहिला तो बटणांचा जुना फोन. त्याचा नंबर फक्त जवळच्या चार-पाच जणांना दिलेला होता.

पुढे जे झालं त्यातलं काही अपेक्षित होतं, काही अजिबात नव्हतं. पण आधी मूळ प्रश्न.

फोन हातातून सुटत का नाही?

‘इच्छाशक्ती कमी पडते’ हे त्याचं सोपं उत्तर, पण ते अर्धवट आहे. फोनमधल्या बहुतेक ॲपची रचनाच अशी असते की थांबण्याची जागा सापडू नये.

पूर्वी वेबसाइटवर पान संपायचं आणि ‘पुढील पान’ असं बटण दिसायचं. ते दाबायचं की उठायचं, हे ठरवायला तेवढा क्षण मिळायचा. २००६ मध्ये एझा रास्किन या डिझायनरने ‘इन्फिनिट स्क्रोल’ची कल्पना आणली आणि तो क्षणच गेला. बोट सरकवत राहा, मजकूर येत राहतो. आपल्या या शोधाचा पुढे जो वापर झाला, त्याबद्दल रास्किन यांनी नंतर जाहीर खंत व्यक्त केली आहे.

दुसरं कारण अनिश्चिततेचं. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं की बक्षीस दर वेळी मिळण्यापेक्षा कधी मिळेल याचा नेम नसेल, तर कळ दाबण्याची सवय अधिक चिवट होते. दहा वेळा फोन पाहिला तर नऊ वेळा काहीच नसतं, दहाव्या वेळी मैत्रिणीचा मेसेज असतो. त्या दहाव्या वेळेसाठी आपण नऊ वेळा पाहतो.

तिसरं कारण माझ्या इंजिनीअरिंगच्या अभ्यासक्रमात होतं, फक्त ते माणसांना लागू पडतं हे तेव्हा कळलं नव्हतं. संगणकाच्या प्रोसेसरला बाहेरची खबर मिळण्याचे दोन मार्ग असतात. एक ‘इंटरप्ट’, म्हणजे काही घडलं की बाहेरून टिचकी येते. दुसरा ‘पोलिंग’, म्हणजे प्रोसेसर स्वतःच ठरावीक वेळाने जाऊन विचारतो, ‘काही आलं का?’ नोटिफिकेशन हा इंटरप्ट. पण सवय जडली की नोटिफिकेशन बंद केलं तरी आपण पोलिंग करू लागतो. फोन वाजत नाही आणि तरी हात खिशात जातो.

दोन्ही प्रकारांत हातातलं काम सोडून दुसऱ्याकडे जाण्याची किंमत मोजावी लागते. व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासक सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये त्याला ‘अटेन्शन रेसिड्यू’ असं नाव दिलं. काम बदललं तरी मनाचा काही भाग आधीच्या कामातच रेंगाळतो. जेवताना मेल पाहिला, फोन खाली ठेवला, तरी पुढची पोळी मेलसोबतच खाल्ली जाते.

‘डिजिटल डिटॉक्स’ म्हणजे नेमकं काय?

ठरवून, ठरावीक काळासाठी स्मार्टफोन, सोशल मीडिया किंवा इंटरनेटपासून दूर राहणं, एवढाच त्याचा अर्थ. हा शब्द ऑक्सफर्डच्या ऑनलाइन शब्दकोशात २०१३ मध्ये दाखल झाला. ‘डिटॉक्स’ म्हणजे विष काढून टाकणं, पण फोन हे विष नाही आणि चार दिवसांत शरीरातून काही ‘बाहेर पडतं’ असंही नाही. ‘डोपामाइन कमी होतं’, ‘मेंदू रीसेट होतो’ अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. डोपामाइन हे मेंदूचं नेहमीच्या कामातलं रसायन आहे, ते काढून टाकण्याची सोय नाही आणि गरजही नाही.

आपल्याकडचा जवळचा शब्द म्हणजे उपवास. आणि उपवासाचा धोकाही आपल्याला ठाऊक आहे: एकादशी अन् दुप्पट खाशी. चार दिवस फोन बंद आणि परतल्यावर रात्रभर स्क्रोल, असं झालं तर हाती काही लागत नाही.

पहिल्या दिवशी काय होतं?

आमच्याकडे पहिली संध्याकाळ चिडचिडीत गेली. सूर्यास्त पाहायला सगळे वाळूत उभे होतो आणि दादाचा हात सारखा मांडीवर जात होता. फोन डब्यात असूनही त्याला खिशात थरथर जाणवत होती.

हा भास अनेकांना होतो. त्याला ‘फँटम व्हायब्रेशन’ म्हणतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात २९० महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याबद्दल विचारलं गेलं, तेव्हा ८९ टक्के विद्यार्थ्यांनी असा अनुभव आल्याचं सांगितलं. बहुतेकांना त्याचा फारसा त्रास वाटत नव्हता. कपड्याची घडी हलली तरी मेंदू त्याचा अर्थ ‘फोन’ असा लावतो, कारण तो त्या खबरीची वाटच पाहत असतो.

पुतण्या म्हणाला, ‘‘आत्या, बोअर होतंय.’’ माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मलाही होत होतं. आईला बहिणींच्या ग्रुपवर ‘सुखरूप पोहोचलो’ असा मेसेज टाकायचा होता. तो बटणांच्या फोनवरून एका मावशीला फोन करून सांगण्यात वीस मिनिटं गेली, आणि त्या वीस मिनिटांत मावशीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरल्याचं कळलं. ते ग्रुपवर आलं नव्हतं.

रात्री दादा ‘गाडीत टॉर्च राहिला’ म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही. वहिनीने जाऊन पाहिलं, तर साहेब डॅशबोर्डमधला ऑफिसचा दुसरा फोन घेऊन बसले होते. भांडण झालं नाही, पण नियम बदलला. तो ऑन-कॉल होता, हे त्याने आधी सांगितलंच नव्हतं. ठरलं की सकाळी नऊ आणि संध्याकाळी सात अशी दोन वेळा पंधरा मिनिटं तो फोन पाहील, तेही सगळ्यांसमोर ओसरीवर बसून. लपवाछपवीपेक्षा हे बरं. नियम पाळता येण्याजोगा असेल तरच पाळला जातो, हा आमचा पहिला धडा.

संशोधन काय सांगतं?

तीन अभ्यास इथे उपयोगी आहेत.

पहिला लक्ष किती वेळ टिकतं याचा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आर्व्हाइन शाखेतल्या ग्लोरिया मार्क या अनेक वर्षं लोकांचं स्क्रीनवरचं लक्ष मोजत आहेत. २००४ च्या सुमारास लोक एका स्क्रीनवर सरासरी अडीच मिनिटं टिकत होते. अलीकडच्या वर्षांत ही सरासरी ४७ सेकंदांवर आली आहे.

दुसरा अभ्यास २०१७ चा. एड्रियन वॉर्ड आणि सहकाऱ्यांनी लोकांना डोकं लावण्याच्या चाचण्या दिल्या. काहींचा फोन समोर टेबलावर उलटा ठेवलेला, काहींचा खिशात किंवा बॅगेत आणि काहींचा दुसऱ्या खोलीत. फोन वाजत नव्हता. तरीही दुसऱ्या खोलीत फोन ठेवणाऱ्यांची कामगिरी टेबलावर ठेवणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. मात्र पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, तेव्हा सगळ्यांना हाच परिणाम दिसला नाही. त्यामुळे ‘फोन जवळ असला की बुद्धी कमी होते’ असं ठामपणे म्हणणं घाईचं ठरेल.

तिसरा अभ्यास २०२५ मध्ये ‘पीएनएएस नेक्सस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि तो आपल्या विषयाच्या सर्वांत जवळचा आहे. त्यात ४६७ जणांना दोन आठवडे फोनवरचं मोबाइल इंटरनेट बंद ठेवायला सांगितलं. कॉल आणि साधे मेसेज चालू होते, संगणकावर इंटरनेट वापरायलाही मुभा होती. लक्ष टिकवण्याची क्षमता, मानसिक आरोग्य आणि समाधान या तीनपैकी किमान एका बाबतीत ९१ टक्के सहभागींमध्ये सुधारणा दिसली. कारण शोधताना लक्षात आलं की लोक प्रत्यक्ष भेटीगाठी, व्यायाम आणि घराबाहेरच्या वेळेकडे वळले होते. पण यातलीच दुसरी बाजूही महत्त्वाची: अनेकांना दोन आठवडे हा निर्बंध पाळता आला नाही.

म्हणजे फायदा फोन ‘नसण्याचा’ कमी आणि मोकळ्या झालेल्या वेळात आपण काय करतो याचा जास्त. नुसता फोन काढून घेतला आणि जागा रिकामी ठेवली, तर तिथे कंटाळा येऊन बसतो. आमच्या पुतण्याची ती जागा दुसऱ्या दिवशी एका कॅलेंडरने भरली.

इंटरनेट नसताना भरतीची वेळ कशी कळते?

हेदवीला ‘बामणघळ’ आहे. समुद्रालगतच्या कातळात पडलेली ही अरुंद, लांब घळ. भरतीचं पाणी तिच्यात जोराने घुसतं आणि उंच फवारा उडतो. पण तो पाहायचा तर भरतीच्या वेळीच जायला हवं. एरवी आम्ही गुगलला विचारलं असतं.

काकूंनी भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’कडे बोट दाखवलं. ‘‘उद्या तिथी कोणती ती बघ आणि पाऊणपट कर.’’

कोकण किनाऱ्यावरचा हा जुना हिशेब आहे. तिथीच्या आकड्याला पाऊण म्हणजे तीन-चतुर्थांशाने गुणायचं, येईल ती भरतीची अंदाजे वेळ. दुसऱ्या दिवशी त्रयोदशी होती. तेरा गुणिले पाऊण म्हणजे पावणेदहा. पुतण्याने कागदावर गणित मांडलं आणि सगळ्यांना सकाळी साडेआठला गाडीत बसवलं. पावणेदहाच्या आसपास घळीत पाणी असं काही आदळत होतं की त्याचा चेहरा परीक्षेत पहिला आल्यासारखा झाला.

हे गणित चालतं कसं? भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे येते आणि चंद्र रोज थोडा उशिरा डोक्यावर येतो. त्यामुळे भरतीही रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते. तिथीसुद्धा चंद्राच्या स्थितीवरूनच ठरते. एका पक्षात १५ तिथी असतात आणि तेवढ्या काळात भरतीची वेळ १२ तासांनी पुढे सरकते. १२ तासांना १५ ने भागलं की एका तिथीमागे ४८ मिनिटं येतात. तोंडी हिशेबाला सोपं म्हणून पाऊण तास, म्हणजे ४५ मिनिटं धरली गेली. दर तिथीला तीन मिनिटांची ही चूक साठत जाते, शिवाय किनाऱ्याच्या ठेवणीनुसार गावोगावची वेळ थोडी वेगळी असते. दोन भरत्यांमध्ये साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात आणि भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी लागते.

एक सूचना मात्र गंभीरपणे वाचा. हा अंदाज फवारा पाहायला जाण्यासाठी ठीक आहे, पाण्यात उतरण्यासाठी नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. कोणत्या भागात पाण्याला ओढ आहे, हे स्थानिकांना विचारूनच पाण्यात जा. पाण्याने आत ओढलंच तर थेट किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्यातून बाहेर पडा आणि मग किनाऱ्याकडे वळा. बामणघळीच्या काठावरचा कातळ निसरडा असतो, तिथून लांबच उभं राहा.

ओसरीवर काय कळलं?

आता अनपेक्षित गोष्ट.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे ओसरीवर पत्ते खेळत होतो. घरात टीव्ही नाही, पंख्याचा आवाज नाही. वहिनी बाबांच्या डाव्या बाजूला बसली होती. तिने दोनदा विचारलं, ‘‘बाबा, हुकूम काय?’’ बाबांनी मान वर केली नाही. तिसऱ्यांदा पुतण्या समोरून ओरडला, ‘‘आबा, हुकूम!’’ तेव्हा त्यांनी पाहिलं आणि हसून म्हणाले, ‘‘अरे, लक्ष नव्हतं.’’

ते लक्ष देऊनच खेळत होते. त्यांच्या हातातले पत्ते नीट लावलेले होते.

मग एकेक गोष्ट जुळत गेली. समुद्रावर फिरताना ते नेहमी सगळ्यांच्या डाव्या कडेला चालतात, म्हणजे बोलणारा त्यांच्या उजव्या बाजूला येतो. जेवताना ते बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहतात. घरी टीव्हीचा आवाज मोठा असतो, म्हणून मी इअरफोन घालून बसते. ते फोनवर व्हिडिओ पूर्ण आवाजात लावतात, म्हणून आई त्यांच्यावर चिडते. ‘बाबा हल्ली आमच्यात नसतात, सारखे मोबाइलमध्ये असतात’ ही तर घरातली कायमची तक्रार.

संध्याकाळी वाळूत बसल्यावर मी त्यांच्या उजव्या बाजूला बसून विचारलं. आधी त्यांनी उडवून लावलं. मग म्हणाले, ‘‘दोन वर्षं झाली असतील. तुम्ही सगळे एकदम बोलता तेव्हा कळत नाही. सारखं ‘काय, काय’ विचारायला बरं वाटत नाही. मोबाइलवर निदान खाली अक्षरं येतात.’’

मी सबटायटल्सबद्दल लेख लिहिला आहे. माझे वडील ती का वाचतात, हे मला ठाऊक नव्हतं.

पुण्यात परतल्यावर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो, ऑडिओमेट्री झाली. ऐकू येणं दोन्ही कानांनी कमी झालं आहे, डाव्याने जास्त. कारखान्यातली तीस वर्षं आणि वय, दोन्हींचा वाटा असावा असं डॉक्टरांचं म्हणणं पडलं. आता श्रवणयंत्राची चाचणी सुरू आहे.

याचा अर्थ ‘फोनमुळे आम्हाला कळलं नाही’ असा सरळ लावता येणार नाही. बाबांच्या बाबतीत फोन हा आजार नव्हता, त्यांनी शोधलेला आडोसा होता. पण आमच्या सहा स्क्रीनच्या घरात तो आडोसा कुणाच्या नजरेला आला नाही, हेही तितकंच खरं.

हे सगळ्यांनाच परवडतं का?

नाही, आणि ते मान्य करायला हवं. आमचे फोन डब्यात होते तेव्हा काकूंचा फोन सतत चालू होता. पुढच्या शनिवार-रविवारची चौकशी, खोलीचे फोटो, आगाऊ पैसे, सगळं त्याच फोनवर. गावात रेंज जाते-येते, म्हणून त्या वाडीच्या कोपऱ्यातल्या एका ठरावीक माडाखाली उभ्या राहून बोलतात. त्यांना मी ‘डिजिटल डिटॉक्स’ समजावून सांगितला, तर त्या म्हणाल्या, ‘‘माझा फोन बंद पडला की माझ्या खोल्या रिकाम्या पडतात गं.’’ आमची शांतता त्यांच्या फोनच्या आधाराने उभी होती.

डिलिव्हरी करणारे, रिक्षा-टॅक्सीचालक, घरी रुग्ण असलेले, लांब शिकणाऱ्या मुलांचे आई-वडील अशा अनेकांना फोन बंद ठेवणं शक्य नसतं. काहींची रक्तातल्या साखरेची नोंद किंवा श्रवणयंत्राची जोडणी फोनवरच असते. त्यांनी फोन बंद करू नये. फक्त नको ते ॲप बंद करावं.

नोकरदारांचा प्रश्न निराळा आहे. कामाच्या वेळेनंतर कार्यालयाच्या फोनला उत्तर न देण्याचा हक्क, म्हणजे ‘राइट टू डिसकनेक्ट’, फ्रान्समध्ये २०१७ पासून लागू आहे. ऑस्ट्रेलियात तो ऑगस्ट २०२४ मध्ये आला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये याच विषयावरचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे सुट्टीत फोन बंद ठेवता येणं हे आपल्याकडे बऱ्याच अंशी वरिष्ठांच्या मर्जीवर आहे.

सुट्टीशिवाय, घरच्या घरी जमतं का?

याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये एक नियम केला. रोज संध्याकाळी सात वाजता गावातल्या मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी बोलावं, वाचावं हा हेतू. करोनाकाळातल्या ऑनलाइन शाळेनंतर मुलांच्या हातातून फोन सुटेना, हे त्यामागचं कारण.

यातली खुबी भोंग्यात नाही, ‘सगळ्यांनी एकाच वेळी’ यात आहे. एकट्याने फोन ठेवला तर आपण काहीतरी चुकवतो आहोत असं वाटत राहतं. सगळ्यांनीच ठेवला तर चुकवण्यासारखं काही उरत नाही.

जाण्याआधी कोणती तयारी करावी?

आमच्या चुकांतून तयार झालेली ही यादी:

* नियम एकत्र बसून ठरवा. मुलांचा फोन काढून घ्यायचा आणि मोठ्यांनी चालू ठेवायचा, हे टिकत नाही. अपवाद असतील तर आधीच सांगा.
* एक साधा फोन चालू ठेवा. त्याचा नंबर जवळच्या माणसांना आणि गरज असेल तर कार्यालयातल्या एकाच व्यक्तीला द्या. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे नंबर साध्या फोनवरूनही लागतात.
* रोख पैसे जवळ ठेवा. गावात एटीएम असेलच असं नाही. बँक खात्याला जोडलेला मोबाइल नंबर असेल, तर इंटरनेटशिवाय *९९# या सेवेवरून यूपीआय व्यवहार करता येतात. त्याची नोंदणी आणि एक छोटा व्यवहार घरीच करून पाहा.
* महत्त्वाचं ते कागदावर लिहा. राहण्याचा पत्ता, रस्ता, औषधांची नावं आणि वेळा, पाच फोन नंबर. आम्हा सहांपैकी कुणालाही दुसऱ्याचा नंबर पाठ नव्हता.
* रिकामा वेळ कशाने भरणार, ते ठरवा. पत्ते, कॅरम, पुस्तक, कॅलेंडर, काहीही. लहान मुलांना पहिले काही तास कंटाळा येणारच. लगेच टॅब देऊ नका.
* कामं वाटून घ्या. सगळे ‘अनप्लग’ आणि आई स्वयंपाकघरात, अशी सुट्टी नको. आम्ही काकूंकडेच जेवलो, म्हणून आईला चार दिवस ओसरी मिळाली.
* पूर्ण बंद जमत नसेल तर अर्धवट करा. अँड्रॉइडवर ‘डिजिटल वेलबीइंग’ आणि आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’ या सोयी २०१८ पासून आहेत. त्यातून ठरावीक ॲपला वेळमर्यादा घालता येते. बातम्यांच्या ॲपचे अलर्टही तिथूनच कमी करता येतात. हे मीच सांगते आहे.

मदत कधी घ्यावी?

फोन काढून घेतल्यावर मूल थोडं चिडलं, तर ते व्यसन नव्हे. पण झोप, जेवण, शाळा किंवा नोकरी यांवर अनेक महिने परिणाम होत असेल, खोटं बोलणं किंवा आक्रमकपणा वाढला असेल, तर तज्ज्ञांशी बोला. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयसीडी-११’ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ची नोंद आहे आणि हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू झालं. बेंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेत तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट क्लिनिक’ २०१४ पासून चालवलं जातं. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत मानसिक आरोग्य सेवेचा नंबर १४४१६ आहे.

मग खरंच काही बदललं का?

चौथ्या दिवशी डबा उघडला तेव्हा माझ्या फोनवर पाचशेहून अधिक मेसेज होते. त्यातले ज्यांना खरोखर उत्तर हवं होतं असे सात निघाले. दादाने घाटात रेंज येताच फोन काढला आणि चिपळूण सोडल्यापासून कऱ्हाडपर्यंत फारसा बोलला नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, ती हीच.

पण डबा पुन्हा फराळाच्या कपाटात गेला नाही. तो जेवणाच्या टेबलावर आहे. रात्री आठ ते नऊ फोन त्यात. आठवड्यातून दोन-तीन दिवस मोडतो, उरलेले पाळला जातो. बसण्याची जागाही बदलली आहे. बाबांच्या उजव्या बाजूला आता कुणीतरी बसतं आणि एका वेळी एकानेच बोलायचं असा नियम पुतण्याने केला आहे. तो सर्वांत जास्त तोच मोडतो.

कामावर परतल्यावर रात्री पावणेनऊला एक अलर्ट पाठवायचा होता. बातमी बरी होती, पण सकाळी वाचली तरी कुणाचं काही बिघडणार नव्हतं. मी तो सकाळी सातसाठी लावून ठेवला.